कशावरून?



या टेबलावर पुष्पगुच्छाशेजारी तीन परीक्षानळ्या, एक थर्मास आणि आयोडीनची बाटली कशाला, असं आयोजकांनी मला दोनदा विचारलं. मी ‘थांबा’ म्हटलं. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी एकही तास रिकाम्या टेबलावरून घेतला नाही. त्यांच्या नावानं बोलायचं आणि हातात नुसते कागद घेऊन उभं राहायचं, हे माझ्यानं झालं नसतं.

मला विषय दिलाय तो ‘पदवीला जैवरसायन आणि रेण्वीय जीवशास्त्र: का आणि कसं शिकावं’ असा. त्यातल्या ‘का’वर मी फार बोलणार नाही. मी पस्तीस वर्षं हा विषय शिकवला. दर जूनमध्ये पहिल्या तासाला ‘इथे का आलात?’ असं विचारायची आणि उत्तर बहुधा एकच यायचं. बारावीला पीसीबी होतं, मेडिकल थोडक्यात हुकलं, घरी बसण्यापेक्षा म्हणून इकडे. पुढे शब्द बदलले, सीईटीच्या जागी नीट आली, उत्तर तेच राहिलं. पालक भेटायला येत त्यांचेही प्रश्न ठरलेले. पॅथॉलॉजी लॅब काढता येते का? बायोटेक आणि यात फरक काय? मी सांगायची की रक्तातली साखर मोजून रिपोर्ट देणं हे वेगळं शिक्षण आहे, ते चांगलं आहे आणि त्यावर पोट लवकर भरतं. आमच्याकडे येतो त्यानं त्या रिपोर्टातल्या आकड्याकडे संशयानं बघायला शिकायचं. हा आकडा साखरेचाच कशावरून? दुसरं काहीतरी तोच रंग देत नसेल कशावरून? हे ऐकून काही पालक मुलाला घेऊन शेजारच्या कॉमर्सच्या खिडकीवर जात. त्यांना मी दोष देत नाही.

‘कशावरून?’ हा शब्द माझा नाही, सरांचा आहे. सर मुलींना अहो-जाहो करत आणि मुलांना अरे-तुरे. ‘कशावरून?’ मात्र सगळ्यांना सारखंच. व्हायव्हाला त्यांचा खरा प्रश्न तेवढा एकच असे, बाकीचे सगळे त्याची प्रस्तावना.

माझ्यावर तो पहिल्यांदा आला १९७९ साली, टी. वाय.च्या पहिल्याच प्रॅक्टिकलला. प्रयोग अगदी साधा होता. लाळेतलं अमायलेज हे विकर पिठूळ पदार्थातल्या स्टार्चचे तुकडे करतं. स्टार्चचं पातळ द्रावण घ्यायचं, त्यात लाळ घालायची, दर मिनिटाला एक थेंब काढून पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनमध्ये सोडायचा. आधी गर्द निळा, मग जांभळा, मग तांबूस, मग काहीच नाही. रंग यायचा थांबला ती वेळ टिपायची. हेच वेगवेगळ्या तापमानाला करायचं आणि विकर कुठे सर्वांत जलद चालतं ते काढायचं. पुस्तकातलं उत्तर आम्हाला पाठ होतं, साधारण आपल्या अंगाएवढं, सदतीस अंश.

मला टाइल धुवायचा कंटाळा आला. शेवटची नळी नव्वद अंशाच्या पाण्यात होती, तिच्यात मी सरळ आयोडीन ओतलं. निळा रंग आलाच नाही! मी हरखून गेले. पुस्तकाच्या विरुद्ध उत्तर आलं म्हणजे शोधच लागला, असं त्या वयात वाटतं. जर्नलात झोकात लिहिलं की लाळेतलं अमायलेज नव्वद अंशाला सर्वांत जलद चालतं. आलेखही काढला, रेषा कशी वर वर जाणारी.

सरांनी पान पाहिलं. ‘‘कशावरून?’’

‘‘निळा रंग आला नाही, सर.’’

‘‘रंग आला नाही, ते कळलं. स्टार्च उरला नाही हे कशावरून म्हणता?’’

मी गप्प. त्यांनी ती नळी उचलली आणि नळाच्या धारेखाली धरली. दोन मिनिटांत तळापासून निळं चढायला लागलं. पुरतं निळं झालं. स्टार्च होता तिथेच होता. आयोडीन स्टार्चच्या रेणूच्या वेटोळ्यात शिरून बसतं तेव्हा तो निळा रंग दिसतो. तापवल्यावर वेटोळं सैल होतं, आयोडीन सुटतं, रंग जातो, आणि निवल्यावर परत येतो. विकराचं म्हणाल तर नव्वद अंशाला ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं शिजून केव्हाच निकामी झालं होतं. ‘‘आणि लाळ न घातलेली नळी कुठाय?’’ सरांनी जाता जाता विचारलं. ती मी ठेवलीच नव्हती. ठेवली असती तर तीही नव्वद अंशाला रंगहीन दिसली असती आणि मला वेळेत शहाणपण आलं असतं.

या विषयाची तीन वर्षं एका नळीत सांगायची झाली तर ती ही. डोळ्यांना दिसतं ते एक असतं, आपण त्यावरून म्हणतो ते दुसरंच असतं, आणि मधली वाट स्वतः चालून बघावी लागते.

आता अभ्यासक्रम. प्रथिनं, कर्बोदकं, स्निग्ध पदार्थ, विकरं, चयापचय, डीएनए, आरएनए, रोगप्रतिकार. यादी कुठल्याही विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळेल, वाचून दाखवण्यात वेळ घालवत नाही. मुलं ज्याला सर्वांत घाबरतात त्याबद्दल बोलते. ते पेशीतल्या चयापचयाचं क्रेब्स चक्र. सायट्रेटपासून ऑक्झॅलोअॅसिटेटपर्यंत आठ पायऱ्या. त्या पाठ करायला मुलं आद्याक्षरांची गाणी रचतात, परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या आरशावर साबणानं चक्र काढतात. परीक्षा झाली की चक्र पुसलं, आरसाही आणि डोकंही.

मी चक्राची आकृती शेवटी काढायची. आधी विचारायची, समजा तुम्ही हान्स क्रेब्स आहात, साल १९३७, शेफील्ड. तुमच्याजवळ कबुतराच्या छातीचा स्नायू आहे, कारण तो उडण्यासाठी भरपूर प्राणवायू खर्च करतो. तो बारीक करून द्रावणात ठेवलाय. काही ठराविक आम्लं चिमूटभर घातली की प्राणवायूचा खप वाढतो, तोही घातलेलं आम्ल जाळायला लागेल त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. याचा अर्थ ते आम्ल नुसतं जळत नाही, खर्च होऊन पुन्हा तयार होतंय. पण हे चक्रच कशावरून? सरळ रस्ता का नाही?

इथे मॅलोनेट नावाचं रसायन येतं. ते चक्रातल्या सक्सिनेट या पदार्थाच्या पुढची पायरी अडवतं. आता देवळाचा प्रदक्षिणेचा मार्ग डोळ्यासमोर आणा. पूर्वेच्या दारात आडवा बांबू टाकलाय. बांबूच्या अलीकडून निघालेली माणसं दारात अडकणार, यात नवल नाही. पण बांबूच्या पलीकडे, पुढच्या बाजूला सोडलेली माणसंही थोड्या वेळानं त्याच दारात मागून येऊन अडकली तर? मग रस्ता गोल आहे. स्नायूत नेमकं हेच झालं. मॅलोनेट घातलेलं असताना, अडलेल्या पायरीच्या पुढचे पदार्थ दिले, तरी साचलं सक्सिनेटच. एवढं कळल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांना आठ नावं पाठ करायला एक संध्याकाळ पुरायची. क्रेब्सनं हे काम टिपणाच्या रूपात ‘नेचर’कडे पाठवलं, तेव्हा आमच्याकडे सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं पडून आहेत म्हणून ते परत आलं. मग ते दुसऱ्या नियतकालिकात छापून आलं आणि १९५३ साली त्याला नोबेल मिळालं. साभार परत आलेल्या लेखकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

१९३७च्याही चाळीस वर्षं मागे गेलं तर हा विषय जन्मला तो प्रसंगही असाच. आंबवणं हे जिवंत पेशीचंच काम, पेशी मेली की संपलं, असं पाश्चरसारख्या माणसाचं मत होतं. १८९७ साली जर्मनीत एदुआर्द बुखनेर यीस्ट वाळूबरोबर खलून, दाबून त्याचा रस काढत होता. तो खराब होऊ नये म्हणून त्यात साखर घातली. मुरांब्याला घालतो त्याच हेतूनं. रस टिकायचा राहिला बाजूला, त्याला बुडबुडे यायला लागले. पेशी नाहीत आणि आंबवणं चालू! पेशीच्या बाहेर काढूनही जे काम करतं ते बाटलीत घेऊन अभ्यासता येतं, हे त्या बुडबुड्यांनी दाखवलं. जैवरसायन या विषयाचा सगळा धंदाच तेव्हापासून तो आहे. पेशी फोडायची, पण तिच्यातलं काम मोडू द्यायचं नाही. त्यासाठी बर्फ, योग्य आम्लता, योग्य क्षार आणि हाताचा वेग लागतो, आणि यांतलं काहीही वाचून येत नाही.

आता आपल्या घरच्या माणसाकडे येते. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. मराठी सभेत त्यांची एकच गोष्ट सांगतात. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या, त्यांचे वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले. संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, कमलाबाई हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला. गोष्ट खरी आहे आणि सांगायलाच हवी. पुढे केंब्रिजची पीएच.डी., आणि ‘विज्ञानात पीएच.डी. झालेली पहिली भारतीय स्त्री’. सर इथेही विचारायचे, कशावरून? वनस्पतिशास्त्रातल्या जानकी अम्मल यांना मिशिगनची डॉक्टरेट १९३१ सालची आहे. ‘पहिली’ या शब्दाची आपल्याला इतकी ओढ असते की कामाचं नाव घ्यायचं राहूनच जातं.

काम काय होतं? बटाटा. प्राणी, यीस्ट यांच्या पेशी प्राणवायू वापरताना सायटोक्रोम सी नावाच्या लोहयुक्त प्रथिनाची मदत घेतात, हे तेव्हा ठाऊक होतं. वनस्पतींचं काय? केंब्रिजमध्ये रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या पेशींवर काम करताना कमलाबाईंना बटाट्यात ते सापडलं. म्हणजे बटाटा, कबुतर आणि आपण श्वसनाच्या या पायरीला एकाच घराण्याचे. प्रबंध चाळीसच पानांचा होता म्हणतात. १९३९ साली पदवी मिळाली. आज आमच्याकडे टी. वाय.च्या प्रोजेक्टची वहीसुद्धा चाळीस पानांत मावत नाही, त्यातली बारा पानं आभाराची आणि प्रस्तावनेची.

परत आल्यावर, दिल्ली आणि कुन्नूर करून, त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. तिथे नीरेवर आणि कडधान्यांवर त्यांनी विद्यार्थ्यांकडून काम करून घेतलं. कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिन या आपल्या पाचक विकराला जाम करणारी प्रथिनं असतात, त्यांचा तो अभ्यास. हे वाचून मी एकदा चार मुलींना वालाचं प्रोजेक्ट दिलं. कच्चे वाल, भिजवलेले, मोड आलेले, शिजवलेले. प्रत्येकाचा अर्क ट्रिप्सिनमध्ये घालायचा आणि ते दुधातलं केसीन किती तोडतं ते मोजायचं. शिजवलेल्यात अडथळा जवळजवळ संपलेला, हे अपेक्षित होतं. मोडाच्या वालांचे आकडे मात्र एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरेच. दोन आठवडे मुली रडकुंडीला आल्या. मग कळलं की एकीची आजी रात्री उठून वालाचं पाणी बदलत होती, ‘वास मारतो’ म्हणून. आजींनी नकळत प्रयोगातली एक गोष्ट बदलली होती. त्या मुलींनी पाणी बदललेले आणि न बदललेले असे दोन वेगळे गट करून प्रयोग पुन्हा केला. माझ्या मते ते त्या वर्षीचं कॉलेजातलं सर्वांत चांगलं प्रोजेक्ट होतं. एक्सटर्नलनी बक्षीस दुसऱ्याला दिलं, पीपीटी रंगीत होती.

अशा घरगुती गोष्टींवरून कुणाला वाटेल की रेण्वीय जीवशास्त्र म्हणजे मोठी यंत्रं, तिथे हे चालत नाही. उलट तिथेच जास्त लागतं. हल्ली शाळाशाळांतून केळ्यातला डीएनए काढून दाखवतात. केळं कुस्करा, भांड्याचा साबण, मीठ, गाळा, वरून थंड अल्कोहोल हळूच सोडा. पांढरे तंतू वर येतात, मुलं टाळ्या वाजवतात. एस. वाय.च्या वर्गात मी तो प्रयोग करून घ्यायची आणि टाळ्या थांबल्या की विचारायची, हा डीएनए कशावरून? केळ्यात पेक्टिनही भरपूर असतं, तेच ते जॅम घट्ट करणारं. तेही अल्कोहोलमध्ये असंच तंतू होऊन बाहेर पडतं. वर्ग शांत. मग डायफिनिलअमाइनची चाचणी, डीएनएमधल्या साखरेमुळे निळी होणारी. मग २६० आणि २८० नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते. दोन्हींचं गुणोत्तर १.८च्या आसपास यायला हवं, आमचं क्वचितच येई. बरंच काही प्रथिन आणि इतर कचरा होता, हे कळणं हाच त्या दिवसाचा फायदा.

‘हा डीएनए कशावरून?’ हा प्रश्न थोर आहे, पोरकट नाही. १९४४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांच्यापुढे हाच होता. निरुपद्रवी न्यूमोकोकस जिवाणूंना रोगकारक बनवणारा पदार्थ त्यांच्या नळीत होता. तो प्रथिन नाही, डीएनएच आहे, हे कशावरून? त्यांनी विकरंच साक्षीला आणली. प्रथिनं तोडणारं विकर घातलं, परिणाम कायम. आरएनए तोडणारं घातलं, परिणाम कायम. डीएनए तोडणारं घातलं आणि परिणाम नाहीसा. आनुवंशिकतेचा पदार्थ ओळखायला विकरांची पारख लागली. म्हणून कुणी मला विचारतं, ‘मॅडम, जुनं बायोकेम कशाला, डायरेक्ट मॉलिक्युलर करू का?’ तेव्हा मी हा प्रयोग सांगते. डीएनएच्या प्रती काढणारी पीसीआरही शेवटी एका विकराचीच करामत आहे, उकळत्या झऱ्यातल्या जिवाणूकडून घेतलेल्या, जे माझ्या अमायलेजसारखं नव्वद अंशाला शिजत नाही.

पीसीआरवरून आठवलं. एका कॉलेजात मी परीक्षक म्हणून गेले होते. यंत्र होतं, रेशमी कापडाखाली. मुलांना विचारलं तर म्हणाली, नॅकची समिती आली तेव्हा दर्शन झालं होतं. हातात त्यांच्या किट होतं, निळ्या झाकणाची नळी, लाल झाकणाची नळी. निळ्यात काय आहे? ‘मॅडम, ते किटमध्ये येतं.’ ही मुलं हुशार होती. त्यांना कुणी निळं झाकण उघडून विचारायला लावलं नव्हतं.

गणिताबद्दल एक कडू गोष्ट. पीसीबीवाल्या मुलांनी अकरावीत गणित सोडलेलं असतं आणि सुटल्याचा आनंद मानलेला असतो. बफर करायचं म्हटलं की लॉगरिदम येतो. विकराचा वेग मोजायचा म्हटलं की मिखाएलिस आणि मेंटेन यांचं १९१३चं समीकरण येतं. त्यातली मॉड मेंटेन कॅनडाची डॉक्टर होती, स्वतःच्या देशात संशोधनाला पुरेशी वाट नव्हती म्हणून बर्लिनला गेली. मुलं तिचं नाव समीकरणातल्या चिन्हासारखं वापरतात. फॉस्फरस मोजायच्या फिस्के-सुब्बाराव पद्धतीचंही तेच. १९२५ची पद्धत, अजून जर्नलात लिहितात, आणि सुब्बाराव म्हणजे भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव, हे वर्गातल्या एकालाही माहीत नसतं. ज्यांना पुढे जॅम किंवा गॅट-बी यांसारखी प्रवेशपरीक्षा द्यायची आहे त्यांनी पहिल्या वर्षीच गणित पुन्हा हातात घ्यावं. मी शिकवलेल्यांत जी पुढे संशोधनात टिकली ती बहुतेक अशीच, हुशारीपेक्षा आकडेमोडीला न भिणारी.

नुसत्या बी. एस्सी.वर नोकरी मिळते का? औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, अन्नप्रक्रियेत, मिळते, पगार सुरुवातीला बेताचा. खरा उपयोग एम. एस्सी.नंतर. यापेक्षा गोड बोलायला मला जमत नाही.

या सभागृहात दोन-तीन शिक्षणसंस्थांचे विश्वस्त बसलेत, मघाशी त्यांची नावं घेतली गेली. त्यांना माझी एकच मागणी आहे. नवी इमारत नंतर बांधा. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये एका नळीमागे पाच मुलं उभी असतात, ती दोनवर आणा. पाचांतल्या तिघांना नळी निवताना निळी होते ते दिसतच नाही, ती दुसऱ्याच्या जर्नलातून उतरवतात.

माझं बोलणं झालं. या टेबलावर तिन्ही नळ्यांत स्टार्च आहे. पहिलीत लाळ आहे, माझीच, संकोच नको. दुसरीत लाळ नाही. तिसरी थर्मासमधल्या वाफाळत्या पाण्यात ठेवलीय, तिच्यात मी आत्ता आयोडीन घालते. ज्यांना घाई नाही त्यांनी पुढे यावं. तिसरी नळी काढताना रुमाल धरा, चटका बसतो.